केंद्राचा आराखडा आणि आम्ही रहिवासी : सांगलीतील एका लोकसहभाग सेवेचा अनुभव

सांगलीत शंभरफुटी रस्त्यापासून थोडा आत, आमच्या वसाहतीच्या मालकीचा सुमारे तीस गुंठ्यांचा एक भूखंड आहे. गेली कित्येक वर्षे तो बाभळींच्या, रात्री लावल्या जाणाऱ्या टेम्पोंच्या आणि नवरात्रातल्या मांडवाच्याच उपयोगाचा राहिला होता. तिथे क्रीडा-सांस्कृतिक केंद्र उभारायचे असे वार्षिक सभेत ठरले, आणि नकाशा काढण्याआधी रहिवाशांचे म्हणणे पद्धतशीरपणे जाणून घ्यावे म्हणून कार्यकारिणीने बाहेरगावच्या एका सल्लागार संस्थेला काम दिले. काम इमारत बांधण्याचे नव्हते. लोकांना विचारून इमारतीत काय असावे, किती असावे आणि कुठे असावे हे ठरवून देण्याचे होते. चार महिने चाललेल्या या कामाच्या तिन्ही फेऱ्यांना मी हजर होतो. बांधकामाच्या मोजमापांत उभी नोकरी गेल्यामुळे माझी नजर थोडी खोडसाळ आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे. संस्थेचे नाव देत नाही, कारण अशी सेवा देणाऱ्या मंडळींची संख्या आता वाढते आहे आणि माझे म्हणणे त्या सर्वांनाच लागू पडावे अशी इच्छा आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. ऐकून घेण्याचे काम या मंडळींनी फार चांगले केले. ऐकलेल्याचे पुढे काय झाले, हे सांगण्यात मात्र ती कमी पडली. तरीही पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

नागरिकांना विचारण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातच आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, आणि पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातील लहान कामे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात. हरकती-सूचनांच्या पद्धतीत मात्र कागद आधी तयार होतो आणि माणसाला नंतर विचारले जाते, त्यामुळे बोलणाऱ्याच्या वाट्याला विरोध करण्याखेरीज फारसे काही उरत नाही. आमच्यासारख्या खासगी वसाहतीवर यातले काहीच बंधनकारक नव्हते. कोरा कागद समोर ठेवून विचारणारा माणूस मिळतो आहे, एवढ्याच एका कारणासाठी मी सभेत या खर्चाच्या बाजूने हात वर केला होता.

सुरुवात मात्र फसली. पहिल्या बैठकीची सूचना 'नियोजित विरंगुळा केंद्राबाबत विचारविनिमय' अशा मथळ्याने फलकावर लागली आणि बैठक बुधवारी सकाळी अकरा वाजता ठेवली गेली. 'विरंगुळा केंद्र' हा शब्द आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीला चिकटलेला आहे. वर्तमानपत्रे, कॅरम आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच त्यातून डोळ्यांसमोर येते. साहजिकच आलेली सगळी मंडळी साठीच्या पुढची होती, त्यांत स्त्रिया दोन होत्या, आणि दीड तासाच्या चर्चेतला निम्मा वेळ बाकड्यांना पाठ असावी की नसावी यात गेला. त्याच आठवड्यात मोबाईलवर आलेल्या प्रश्नावलीचीही तीच गत झाली. 'मनोरंजनात्मक सुविधांबाबत आपली प्राधान्यता क्रमांकित करा' अशी मराठी वाचल्यावर उत्तर देण्याची इच्छा कोणाला उरेल? शिवाय एका घरातल्या पाच मोबाईलांवरून पाच मते जाऊ शकत होती आणि ज्या घरात एकच साधा फोन होता त्या घराचे एकही मत जात नव्हते.

संस्थेची पहिली जमेची बाजू इथेच दिसली, की तिने ही चूक लपवली नाही. दुसऱ्या फेरीत त्यांच्या दोन मुली आणि एक मुलगा असे तिघे वसाहतीत येऊन राहिले आणि लोक जिथे आधीच जमतात तिथे जाऊन बसले. सकाळी साडेसहाला फिरायला निघणाऱ्यांबरोबर ते चालले, महिन्याच्या भिशीला जाऊन बसले, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून दुसरी पाळी संपवून येणाऱ्यांना त्यांनी रात्री बाराच्या सुमारास चहाच्या गाड्यावर गाठले, आणि घरकामाला येणाऱ्या मावशींशी वॉचमनच्या केबिनपाशी उभे राहून बोलले. मते लिहून घेतानाही त्यांनी 'काय हवे' असे न विचारता 'तुम्ही संध्याकाळी सहा ते नऊ कुठे असता' असा प्रश्न केला. वरवर साध्या वाटणाऱ्या या बदलाने उत्तरांचा पोतच बदलला. काय हवे असे विचारले, की माणूस दुसऱ्या गावात पाहिलेले काहीतरी सांगतो, आणि कुठे असता असे विचारले, की स्वतःचा दिवस सांगतो. दहावीतल्या एका मुलीने सांगितले, की ती शिकवणीहून साडेआठला परतते, आणि केंद्राच्या गल्लीतला दिवा बंद असेल तर आत कोर्ट कितीही चांगले असले तरी तिला घरून सोडणार नाहीत. त्या दिव्याची नोंद अहवालाच्या पहिल्याच पानावर आहे आणि ती तिथे असणे मला योग्य वाटते.

दुसऱ्या फेरीचा शेवट एका खेळाने झाला, आणि या सेवेचे बलस्थान व तिची उणीव या दोन्ही गोष्टी त्या खेळात एकत्र पाहायला मिळाल्या. समाजमंदिरातल्या सतरंजीवर भूखंडाचा मोठा नकाशा अंथरला होता. दर सहा जणांच्या गटाला बांधकामाच्या पैशांच्या जागी शंभर चकत्या दिल्या होत्या आणि प्रत्येक सुविधेचा पुठ्ठ्याचा, मोजून कापलेला तुकडा ठेवला होता. तुकड्यावर किती चकत्या लागतील ते लिहिलेले होते. बॅडमिंटन कोर्टाचा तुकडा १३.४० बाय ६.१० मीटरच्या प्रमाणात होता आणि पुरुषांच्या कबड्डीचा १३ बाय १० मीटरच्या. ज्या गावात नंदू नाटेकर जन्मले तिथे बॅडमिंटनला मागणी असणार हे ओघानेच आले, पण कोर्ट नुसते जमिनीवर मावून भागत नाही, त्यावर आठ-नऊ मीटर मोकळी उंची लागते, म्हणजे त्या भागावर दुसरा मजला येत नाही, हे आमच्या गटातल्या बहुतेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. पुठ्ठ्याच्या तुकड्याला उंचीचा ठोकळा चिकटवलेला होता, त्यामुळे अभ्यासिका त्याच्या डोक्यावर ठेवायला गेलेल्या हाताला ती ठेवता येईना. तासभर भाषण करून जे पटले नसते ते त्या ठोकळ्याने पटवले. बुद्धिबळाच्या खोलीला सर्वांत कमी चकत्या लागत होत्या. नूतन बुद्धिबळ मंडळाची परंपरा असलेल्या गावात तो तुकडा एकाही गटाने बाजूला ठेवला नाही.

पोहण्याच्या तलावाचा निळा तुकडा मात्र मुलांनी प्रत्येक गटात पुढे सरकवला. त्याला पंचावन्न चकत्या लागत होत्या आणि मुले बाकी सगळ्यावर पाणी सोडायला तयार होती. मी तुकडा उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

माझी खरी तक्रार त्या कोऱ्या बाजूबद्दल आहे. २५ बाय १० मीटरचा आणि सरासरी दीड मीटर खोलीचा तलाव भरायला पावणेचार लाख लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे सदतीस-अडतीस टँकर. त्यानंतर गाळण यंत्रणेची वीज, क्लोरीन, जीवरक्षकाचा पगार हे सगळे दर महिन्याला आलेच. हा हिशेब मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवला तेव्हा निळा तुकडा मुकाट्याने बाजूला झाला, पण हे काम माझे नव्हते. बांधायला किती लागेल हे प्रत्येक तुकड्याच्या पुढच्या बाजूला लिहिणाऱ्या संस्थेला, चालवायला किती लागेल हे मागच्या बाजूला लिहिणे अवघड नव्हते. गावोगावी उभी राहिलेली आणि दोन वर्षांत कुलूप लागलेली सभागृहे पाहिली की इमारत बांधायला पैसे कमी पडले असे क्वचितच आढळते. कमी पडतो तो झाडणाऱ्या माणसाचा पगार आणि दिव्याचे बिल. या मुद्द्यावर संस्थेच्या प्रमुखांनी दिलेले उत्तर, की संचालनाचा खर्च आमच्या कार्यकक्षेत येत नाही, कराराच्या दृष्टीने बरोबर असेलही. परंतु ज्या लोकांना तुम्ही निवड करायला बसवता त्यांच्यापुढे अर्धीच किंमत ठेवली, तर त्या निवडीला काय अर्थ उरतो?

तिसऱ्या फेरीबद्दल मात्र मनापासून चांगले लिहितो. एका रविवारी सकाळी या मंडळींनी नियोजित इमारत जमिनीवर प्रत्यक्ष फक्कीने आखली. भिंतींच्या जागी पांढऱ्या रेघा, दारांच्या जागी मोकळी जागा, आणि खोल्यांची नावे लिहिलेल्या पाट्या बांबूला बांधून रोवलेल्या. लोक दारातून आत शिरत होते, मुले तर भिंतीवरून उडी मारून जायला लाजत होती आणि वळसा घालून दारानेच येत होती. भडंग आणि चहाची सोय होती हे सांगायचे राहू नये, कारण त्यामुळेही गर्दी टिकून राहिली.

त्या सकाळचा खरा प्रश्न उताराचा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, म्हणजे ४५ फुटांच्या धोका पातळीच्याही बारा फूट वर, तेव्हा आमच्या भूखंडावर कमरेच्या वर पाणी होते. भूखंड निळ्या आणि लाल पूररेषांच्या मध्ये येतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. म्हणून जोते जमिनीपासून दीड मीटर उंच घ्यायचे असा प्रस्ताव होता आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. पण चाकाची खुर्ची किंवा वॉकर घेऊन चढायच्या उताराला एकास बारा हे प्रमाण धरावे लागते. दीड मीटर चढायला अठरा मीटर लांबीचा उतार हवा, आणि मध्ये विसाव्याचा सपाट टप्पा वेगळा. कागदावर ही एक बारीक तिरकी रेघ होती. जमिनीवर त्यांनी फाटकापासून सुतळी ताणली तेव्हा ती थेट कडुनिंबाच्या पुढे गेली. आमच्या गल्लीतल्या एक आजी वॉकर घेऊन त्या सुतळीच्या कडेने चालत निघाल्या, निंबाच्या अलीकडेच थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढं चालून वर जायचं असलं तर मी आपली घरीच बरी."

त्यावर जी चर्चा झाली ती या चार महिन्यांतली सर्वोत्तम. लिफ्ट बसवावी असे एकाने सुचवले, तेव्हा पुरात लिफ्टचा खड्डा आधी भरेल हे दुसऱ्याने लक्षात आणून दिले. जोते कमी करावे असे कोणी म्हटले, तर २०१९ ला घरातले धान्याचे पिंप तरंगताना पाहिलेल्यांनी ते साफ नाकारले. शेवटी तोडगा त्या आजींच्याच वयाच्या एका काकांकडून आला : आम्हाला वर यायचेच कशाला, आम्हाला खालीच बसायला द्या. फाटकाजवळ जमिनीच्या पातळीवर चारही बाजूंनी उघडी शेड, त्यात दगडी कट्टे, फरशीवर कोरलेले बुद्धिबळाचे दोन पट, आणि पाणी आले तर बिघडेल असे काहीही नाही. पाणी ओसरले की पाईप लावून धुऊन काढायचे. उतार राहिलाच, कारण तो राहायलाच हवा, पण मध्ये वळण घेऊन त्याच्या टप्प्यावर बाक आला. संस्थेच्या त्या तरुण वास्तुरचनाकार मुलीने तिथल्या तिथे फक्कीच्या रेघा पायाने पुसून नव्या आखल्या. स्वतःची रेघ लोकांसमोर पुसणारा सल्लागार मी नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला आहे.

काळ्या मातीचा मुद्दा मात्र कोणी काढला नाही, तो मीच काढला. आपल्याकडची ही माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. पायाची तजवीज नीट नसेल तर कोर्टाची फरशी दोन पावसाळ्यांत उचलली जाते. मृद्-चाचणीचा खर्च अंदाजपत्रकात धरण्याचे त्यांनी मान्य केले. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

भाड्याचा प्रश्न सगळ्यांनाच नकोसा होता. केंद्राचे सभागृह लग्नकार्यांना द्यावे की नाही यावर वसाहतीत सरळ दोन तट होते आणि अजून आहेत. द्यावे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की बाहेरच्या कार्यालयाचे भाडे परवडत नाही, बारसे, डोहाळजेवण, हळदीकुंकू यांना हक्काची जागा हवी, आणि केंद्राचे बिल तरी त्यातूनच निघेल. देऊ नये म्हणणाऱ्यांनी इतर वसाहतींची उदाहरणे दिली, जिथे लग्नसराईत खेळणारी मुले चार महिने बाहेर राहतात, खरकट्याचा वास आठवडाभर जात नाही आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिलेली असूनही वाजंत्री ऐकणाऱ्याला ते नियम कुठे दिसत नाहीत. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. अशा वेळी बाहेरच्या तटस्थ माणसाचा उपयोग व्हायचा, कारण शेजाऱ्याला जे बोलता येत नाही ते त्याला बोलता येते. संस्थेने इथे अंग चोरले. अहवालात 'बहुउद्देशीय सभागृह' असा एक शब्द घालून त्यांनी दोन्ही तटांना आपापल्या मनातले वाचायची मुभा दिली, आणि भांडण कार्यकारिणीच्या पदरात टाकले. लाकडी फरशीच्या कोर्टावर पंगत बसू शकत नाही. तेव्हा 'बहुउद्देशीय' म्हणजे नेमकी कोणती फरशी, एवढे तरी त्यांनी लिहायला हवे होते.

अखेरचा अहवाल देखणा आहे, छायाचित्रे भरपूर आहेत आणि आलेली प्रत्येक सूचना परिशिष्टात प्रामाणिकपणे छापली आहे. पण कोणती सूचना घेतली, कोणती सोडली आणि का, याचा रकानाच त्यात नाही. आमच्या वसाहतीत हौशी नाटकवाल्यांचा एक गट आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ज्या गावात मराठी नाटकाची सुरुवात केली तिथे असा गट नसता तरच नवल. त्यांनी तालमीसाठी एक बंद खोली मागितली होती. परिशिष्टात ती होती आणि नकाशात नव्हती. त्यांतले दोघे इतके दुखावले, की पुढच्या सभेला आले नाहीत. कार्यकारिणीने पत्र लिहून विचारल्यावर संस्थेचे उत्तर आले, की योगवर्गाची खोली रात्री आठनंतर रिकामी असते आणि तालमी आठनंतरच होतात, म्हणून वेगळी खोली न देता त्याच खोलीला दुहेरी दार व कपाट धरले आहे. उत्तर इतके चोख होते, की ते आधीच का दिले नाही याचे आश्चर्य वाटले. त्या दोन ओळी अहवालात असत्या, तर नाटकवाले रुसले नसते आणि कदाचित कपाट मोठे मागून घेऊन गेले असते.

कार्यकारिणीने आग्रह धरल्यावर संस्थेने सर्व सूचनांना अशी एकेक-दोन ओळींची उत्तरे देणारे चार पानी टिपण नंतर तयार करून दिले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे नमूद करायला हवे. ते आता वॉचमनच्या केबिनबाहेरच्या फलकावर लावले आहे आणि लोक दुधाची पिशवी हातात घेऊन उभ्या उभ्या ते वाचतात. देखण्या अहवालाची प्रत कार्यालयात आहे. ती मागायला आलेला मी तरी कोणी पाहिला नाही.

पैशांबाबत एक गोष्ट मला पटली. शुल्क इमारतीच्या खर्चाच्या टक्केवारीवर न ठेवता ठोक रकमेत ठरले होते, त्यामुळे केंद्र मोठे करून दाखवण्यात त्यांचा काही फायदा नव्हता. रक्कम दोन हप्त्यांत द्यायची होती, निम्मी सुरुवातीला आणि निम्मी अहवालावर. पुन्हा करार करायचा झाला तर मी तिसरा हप्ता राखून ठेवीन आणि तो सूचनांच्या उत्तरांचे टिपण फलकावर लागल्यावरच देईन. प्रत्येक सुविधेचा मासिक खर्च पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लिहिणे हेही कामाच्या यादीत शब्दशः घालीन, आणि पहिली बैठक रविवारी ठेवीन.

पन्नास-साठ घरांच्या लहान वसाहतीने एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. तिथे फक्कीची एक गोणी, सुतळीचा एक गुंडा आणि मोजपट्टी धरणारा एखादा निवृत्त माणूस एवढ्यावर भागेल. आमच्याएवढ्या मोठ्या, दोन तट पडलेल्या वसाहतीने मात्र बाहेरची माणसे जरूर बोलवावीत.

इथला नकाशा आता मंजुरीसाठी जायच्या बेतात आहे. उतार वळणाचा झाला आहे, कडुनिंब तसाच ठेवला आहे, आणि सभागृहाच्या फरशीचा रकाना अजून रिकामा आहे.